ओल्ड ओक कॉमन: लंडनच्या एका रेल्वे डेपोच्या जागेवर सगळ्यांचा डोळा का?

हीथ्रो विमानतळावरून एलिझाबेथ लाईनने लंडनकडे निघालात, की अ‍ॅक्टन मेन लाईन स्टेशन मागे पडल्यावर डाव्या हाताला एक अवाढव्य बांधकाम दिसू लागतं. इथे ब्रिटनच्या नव्या वेगवान रेल्वेचं, म्हणजे एचएस-२ चं, ओल्ड ओक कॉमन स्टेशन उभं राहतंय. एकूण १४ फलाट होणार आहेत. त्यातले सहा वेगवान गाड्यांसाठी जमिनीखाली असतील आणि आठ नेहमीच्या गाड्यांसाठी वर.

हे नाव ब्रिटनच्या बातम्यांत सारखं येतं आणि बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात येतं. या कामासाठी २०२४ च्या नाताळात पॅडिंग्टन, म्हणजे पश्चिमेकडच्या गाड्यांचं लंडनमधलं टर्मिनस, २७ ते २९ डिसेंबर बंद ठेवलं गेलं. पुढची काही वर्षं असे खोळंबे होत राहणार आहेत. ब्रिस्टल, वेल्स, डेव्हन, कॉर्नवॉलकडच्या प्रवाशांचं म्हणणं सरळ आहे: नवी रेल्वे जाणार बर्मिंगहॅमला आणि त्रास सोसायचा आम्ही?

या गोंधळात एक गोष्ट कोणी सांगत नाही. ज्या जमिनीवर हे स्टेशन उभं राहतंय, तिथे १९०६ पासून २०१८ पर्यंत याच पश्चिमेकडच्या गाड्यांची देखभाल होत होती. तो डेपो तिथे का होता आणि तो गेल्यावर नेमकं काय गेलं, हे कळल्याशिवाय आजचा वाद पुरता कळत नाही.

डेपो म्हणजे काय?

आपल्याकडे लोकलसाठी ‘कारशेड’ आणि इंजिनासाठी ‘लोको शेड’ म्हणतात, त्याच कुळातली ही जागा. दिवसभर धावून आलेली गाडी इथे येते. ती धुतली जाते, आतून झाडली जाते. डिझेल आणि पाणी भरलं जातं, शौचालयाच्या टाक्या उपसल्या जातात, ब्रेक आणि चाकं तपासली जातात. सकाळी ती पुन्हा फलाटाला लागते.

डेपो आणि वर्कशॉप यांत गल्लत करू नये. वर्कशॉपमध्ये गाडी काही वर्षांनी एकदा जाते आणि पार सुटी करून पुन्हा जोडली जाते. पॅडिंग्टनहून पश्चिमेकडे गाड्या चालवणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीचं असं वर्कशॉप स्विंडनला होतं. डेपोचं काम मात्र रोजचं, आणि तेही बहुतेक रात्रीचं. लग्नाच्या पंगतीत आपल्याला वाढपी दिसतात, मुदपाकखाना दिसत नाही, पण पंगत वेळेवर बसणार की नाही हे मुदपाकखान्यातच ठरतं. रेल्वेच्या वेळापत्रकाचंही तसंच आहे. सकाळी सातची गाडी रद्द झाली असेल, तर तिचं कारण पुष्कळदा रात्री दोन वाजता डेपोत घडलेलं असतं.

पत्ता ठरतो रिकाम्या फेरीवरून

डेपो कुठे बांधायचा याचं गणित एका गोष्टीभोवती फिरतं, ती म्हणजे रिकामी फेरी. डेपोतून फलाटापर्यंत गाडी रिकामी न्यावी लागते आणि रात्री रिकामीच परत आणावी लागते. त्या फेरीचं भाडं मिळत नाही, पण इंधन जळतं आणि चालकाचे तास जातात. शिवाय रूळ अडतो, आणि सर्वांत महागात पडतं ते हेच. गर्दीच्या मार्गावर एक रिकामी गाडी सोडली, की प्रवाशांच्या एका गाडीची जागा गेली.

म्हणून डेपो टर्मिनसच्या जवळ हवा. पण टर्मिनसजवळची जमीन शहराला दुसऱ्या कामासाठी हवी असते. ग्रेट वेस्टर्नची लंडनमधली गोष्ट म्हणजे हीच ओढाताण. तिची पहिली इंजिन शेड पॅडिंग्टनलाच होती. १८५४ मध्ये आजचं पॅडिंग्टन स्टेशन उभं राहिलं, तेव्हा शेड थोडी पश्चिमेला वेस्टबोर्न पार्कला सरकली. पन्नासेक वर्षांत तीही अपुरी पडली. मग कंपनीने पॅडिंग्टनपासून जेमतेम पाच किलोमीटरवर, वर्मवूड स्क्रब्स या मोकळ्या मैदानाजवळची जागा निवडली. तिच्या उत्तरेला कालवा होता आणि दक्षिणेला कंपनीची मुख्य लाईन. ओल्ड ओक कॉमन ते हेच.

पाच किलोमीटर म्हणजे फार नाही, तरी या रिकाम्या गाड्यांचा त्रास मुख्य मार्गाला होऊ नये म्हणून वेगळे रूळ होते. त्यांना ‘इंजिन अँड कॅरेज लाईन’ म्हणत. बॉयलरच्या दोन्ही अंगांना चौकोनी पाण्याच्या टाक्या असलेली छोटी इंजिनं दिवसभर या रुळांवरून रिकामे डबे पॅडिंग्टनला नेऊन लावायची आणि परत आणायची. मोठ्या एक्स्प्रेस इंजिनांचे फोटो सगळ्यांनी काढले, पण ही ने-आण थांबली असती तर त्या एक्स्प्रेसना ओढायला डबेच नसते. मला या छोट्या इंजिनांबद्दल विशेष आदर आहे.

१९०६: चार टर्नटेबल आणि एक छप्पर

नवा डेपो १७ मार्च १९०६ रोजी सुरू झाला. आराखडा जॉर्ज जॅक्सन चर्चवर्ड यांचा. ग्रेट वेस्टर्नच्या इंजिन विभागाचे ते प्रमुख होते आणि ब्रिटनच्या इंजिन-रचनेवर त्यांची छाप पुढे कित्येक दशकं राहिली. शेड सुमारे १३५ मीटर लांब आणि ११० मीटर रुंद होती. आत एकाच छपराखाली विजेवर फिरणाऱ्या चार टर्नटेबल होत्या. टर्नटेबल म्हणजे खड्ड्यात बसवलेला फिरता रूळ. इंजिन त्यावर चढवायचं आणि हव्या त्या दिशेला वळवायचं. प्रत्येक टर्नटेबलभोवती २८ रूळ फुटलेले होते. ग्रेट वेस्टर्नची ही सर्वांत मोठी शेड, आणि कंपनीच्या पुढच्या अनेक शेडसाठी हाच नमुना ठरला.

इतकी मोठी जागा का लागली, हे कळायला वाफेच्या इंजिनाचा दिनक्रम पाहावा लागतो. दूरचा पल्ला गाठून इंजिन आलं, की आधी त्याची आग उतरवायची. जळून घट्ट बसलेले कोळशाचे खडे लांब सळईने फोडून काढायचे, राखेचा कप्पा रिकामा करायचा, पुढच्या पेटीतली काजळी फावड्याने उपसायची. मग कोळसा भरायचा. मग इंजिन वळवून जागेवर लावायचं. ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून आतला गाळ पाण्याच्या दाबाने धुवायचा. थंड बॉयलर पुन्हा पेटवला, की पुरेशी वाफ धरायला सहा-आठ तास सहज जात. सकाळी नऊच्या गाडीचं इंजिन रात्री एक-दोनलाच कोणीतरी पेटवलेलं असे.

कोळसा भरण्याची तऱ्हा तर पाहण्यासारखी होती. इतर कंपन्यांनी पुढे उंच यांत्रिक मनोरे बांधले, ज्यांतून कोळसा धडाधड इंजिनात पडे. ग्रेट वेस्टर्नने ते टाळलं, कारण ती साउथ वेल्सचा कोळसा वापरायची. त्याची आच उत्तम, पण तो मऊ आणि ठिसूळ. उंचावरून पडला, की त्याचा चुरा व्हायचा. म्हणून इथे कोळशाच्या वाघिणी चढावरून उंच ओट्यावर ढकलत. तिथे माणसं फावड्याने कोळसा लोखंडी गाड्यांत भरत आणि त्या गाड्या ओट्याच्या कडेला नेऊन इंजिनात उलटत. खाणीतल्या दगडाचा स्वभाव लंडनमधल्या मजुराच्या पाठीवर असा येऊन पडायचा.

आणि माणसांची उतरंड. पोरसवदा वयात मुलगा ‘क्लीनर’ म्हणून लागायचा. त्याचं काम तेलकट चिंध्यांनी इंजिन पुसणं. पुढे तो फायरमन, आणि अनेक वर्षांनी ड्रायव्हर. कॉर्नवॉलकडे जाणाऱ्या नावाजलेल्या गाड्यांवर काम मिळेपर्यंत केस पिकलेले असत. ‘किंग’ आणि ‘कॅसल’ वर्गातली ग्रेट वेस्टर्नची मानाची इंजिनं याच शेडमध्ये मुक्कामाला असायची.

डिझेल आलं आणि छप्पर गेलं

१९४८ मध्ये ब्रिटनच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं. डेपोला ८१ए हा क्रमांक मिळाला आणि काम तसंच चालू राहिलं. खरी उलथापालथ झाली ती पन्नाशीच्या अखेरीस डिझेल इंजिनं येऊ लागल्यावर. डिझेल इंजिनाला राख आणि काजळी सोसत नाही, त्याला झाकलेली, स्वच्छ, उजेडाची जागा लागते. जुनी शेड धुराने काळवंडलेली. एकाच आवारात दोन्ही प्रकार सांभाळताना डिझेलवाल्यांची दमछाक झाली. त्यात राष्ट्रीय रेल्वेच्या या पश्चिम विभागाने जर्मन धर्तीची ‘हायड्रॉलिक’ डिझेल इंजिनं निवडली होती, ज्यांत इंजिनाची ताकद द्रवामार्फत चाकांपर्यंत पोचते. बाकी ब्रिटनची इंजिनं वेगळ्या पद्धतीची. सुटे भाग वेगळे, मिस्त्रीचं शिक्षण वेगळं. अशा एकांड्या यंत्रांचं आयुष्य लांबत नाही. १९७७ पर्यंत ती सगळी सेवेतून बाद झाली.

मार्च १९६५ मध्ये वाफेच्या इंजिनांसाठी डेपो बंद झाला. चर्चवर्ड यांची भव्य शेड पाडली गेली. चारपैकी एक टर्नटेबल तेवढी उघड्यावर राहिली, आणि तिच्याभोवतीच्या रुळांवर डिझेल इंजिनं उभी राहू लागली. शेजारची दुरुस्तीची इमारत मात्र वाचली. कामगार तिला ‘फॅक्टरी’ म्हणत.

१९७६: इंजिन आणि डबे वेगळे उरले नाहीत

४ ऑक्टोबर १९७६ रोजी पॅडिंग्टनहून ब्रिस्टल आणि साउथ वेल्सकडे ‘हाय स्पीड ट्रेन’ धावू लागल्या. वेग ताशी २०० किलोमीटर. डेपोच्या दृष्टीने मात्र वेगापेक्षा तिची रचना महत्त्वाची. दोन्ही टोकांना प्रत्येकी २,२५० अश्वशक्तीचं इंजिन आणि मधे कायमचे जोडलेले डबे. टर्मिनसला पोचल्यावर इंजिन सोडायचं नाही, वळवायचं नाही, नवं जोडायचं नाही. चालक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेला, की गाडी परतीला तयार.

याचा अर्थ टर्नटेबलची गरज संपली. त्याजागी सबंध गाडी एकदम आत घेईल अशी लांबच लांब शेड हवी झाली. गोल फिरणाऱ्या डेपोची जागा सरळ रेषेतल्या डेपोने घेतली. ओल्ड ओक कॉमनला तशी शेड बांधली गेली आणि पुढची ४२ वर्षं या गाड्या तिथे रात्र काढत राहिल्या.

याच काळात डेपोत आणखी एक बदल झाला. ब्रिटनच्या पहिल्या महिला ट्रेनचालक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॅरन हॅरिसन याच डेपोच्या. पूर्णपणे पुरुषांच्या समजल्या जाणाऱ्या आवारात त्यांनी जागा मिळवली. एचएस-२ चा ओल्ड ओक कॉमनहून मध्य लंडनमधल्या युस्टन टर्मिनसकडे जाणारा बोगदा खणण्यासाठीच्या दोन यंत्रांपैकी एकाला त्यांचंच नाव दिलंय. जमीन घेणाऱ्यांनी तिथल्या माणसांची एवढी तरी आठवण ठेवली, हे मला मोलाचं वाटतं.

एका आवारात अनेक मालक

नव्वदीत ब्रिटनच्या रेल्वेचं खासगीकरण झालं, आणि या परिसराचे तुकडे पडत गेले. मुख्य लाईनच्या दक्षिणेला नॉर्थ पोल नावाचा डेपो झाला, पॅरिसला जाणाऱ्या युरोस्टारसाठी. पण युरोस्टार तेव्हा सुटायची थेम्सपलीकडच्या वॉटर्लूहून. म्हणजे रिकामी गाडी लंडनच्या पश्चिम अंगाने नदी ओलांडून न्यायची आणि तशीच आणायची. २००७ मध्ये युरोस्टार सेंट पॅन्क्रसला गेली आणि तिचा डेपो पूर्व लंडनमध्ये टेंपल मिल्सला. जेमतेम दीड दशक वापरलेला डेपो ओस पडला. टर्मिनस हललं, की डेपोचा पत्ता कसा निरुपयोगी होतो, याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

१९९८ मध्ये हीथ्रो एक्स्प्रेस सुरू झाली, तिचाही डेपो ओल्ड ओक कॉमनलाच. २००९ मध्ये जुना इंजिन डेपो बंद झाला. ‘फॅक्टरी’ पाडून तिथे एलिझाबेथ लाईनच्या गाड्यांसाठी नवा डेपो बांधला गेला. तो आजही चालू आहे. २०१८ च्या डिसेंबरात हाय स्पीड ट्रेनची शेडही बंद झाली आणि ती जमीन एचएस-२ कडे गेली.

“इतकी मोलाची जागा गाड्या धुवायला कशाला?”

मुंबईत मेट्रो ३ च्या आरे कारशेडवरून वाद पेटला, तेव्हा ‘दुसरीकडे न्या’ ही मागणी आपण सगळ्यांनी ऐकली. आरेत झाडांचा प्रश्न होता आणि तो स्वतंत्र, गंभीर प्रश्न आहे. लंडनमध्ये झाडं नव्हती, पण जमिनीचा भाव होता. रेल्वेने आधीच जोडलेली, सपाट आणि मोठी अशी जमीन शहरात दुसरी कुठे मिळणार? म्हणून स्टेशन बांधणाऱ्यांची नजर डेपोवर जाते.

डेपो लांब नेता येतो, पण फुकट नाही. रेडिंग पॅडिंग्टनपासून ५८ किलोमीटरवर आहे. तिथून रिकामी गाडी आणायची, तर देशातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांपैकी एकावर तिला वाट काढून द्यावी लागते. यावर उपाय एकच. रात्रीची शेवटची गाडी प्रवासी घेऊनच डेपोच्या गावी संपवायची आणि सकाळची पहिली तिथूनच सोडायची. पॅडिंग्टनच्या गाड्या आता चालवणारी कंपनीही ग्रेट वेस्टर्न हेच जुनं नाव लावते, आणि तिच्या नव्या व्यवस्थेत काम असंच वाटलंय. लंडनमध्ये नॉर्थ पोल, ब्रिस्टलजवळ स्टोक गिफर्ड, वेल्समध्ये स्वान्सी, शिवाय रेडिंग. पण हे जमतं ते डेपोच्या गावाला पहाटे आणि रात्री पुरेसे प्रवासी असतील तरच.

हीथ्रो एक्स्प्रेसचं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. एचएस-२ साठी तिचा डेपो हलवायचा होता, म्हणून लँगलीला नवा बांधायचं ठरलं. पुढे तो बेत सोडून दिला. खास हीथ्रोसाठी घेतलेल्या गाड्याच काढून टाकल्या, आणि रेडिंगला मुक्कामी असणाऱ्या ग्रेट वेस्टर्नच्या गाड्या त्या मार्गावर लावल्या. एका डेपोची जागा गेली, म्हणून चालत्या गाड्या बदलल्या. डेपो हा रेल्वेचा किरकोळ भाग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं एक उदाहरण लक्षात घ्यावं.

“नव्या गाड्या स्वतःच बिघाड सांगतात, मग डेपो हवेत कशाला?”

सांगतात, हे खरं. नव्या गाड्यांमधले सेन्सर दरवाजा अडखळला तरी कळवतात. पण झिजलेलं चाक सेन्सरने गोल होत नाही. ब्रेक लागताना चाक रुळावर घसरलं, की त्याचा थोडा भाग सपाट होतो, मग प्रत्येक फेऱ्याला ठोका बसतो आणि रूळही खराब होतो. अशा चाकाला लेथवर घालून पुन्हा गोल करावंच लागतं. शौचालयाची टाकी कोणीतरी उपसावीच लागते.

शिवाय काही गोष्टी डोळ्यांनाच दिसतात. २०२१ च्या मे महिन्यात हिताची कंपनीच्या नव्या गाड्यांमध्ये भेगा सापडल्या. देखभालीसाठी डबा उचलताना ज्या भागाखाली जॅक लावतात, तिथे. ८ मे च्या सकाळी तपासणीसाठी या गाड्या बाहेर काढल्या आणि पॅडिंग्टनपासून स्कॉटलंडपर्यंत सेवा कोलमडली. प्रवासी हैराण झाले, पण त्या दिवशी देखभालीची यंत्रणा आपलं काम चोख करत होती. या गाड्यांची देखभाल सुमारे साडेसत्तावीस वर्षं हिताचीनेच करायची, असा करार आहे. पूर्वी गाडी रेल्वेची आणि मिस्त्रीही रेल्वेचा. आता गाडी रोज चालण्याच्या अवस्थेत देण्याचं काम बनवणाऱ्याचं. नॉर्थ पोलला युरोस्टारनंतर आला तो हिताचीच.

“चर्चवर्डची शेड जपायला नको होती का?”

मनापासून सांगायचं तर हवी होती. यॉर्कची जुनी इंजिन शेड १९७५ मध्ये राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय झाली. डिडकॉटची ग्रेट वेस्टर्नची शेड हौशी मंडळींनी साठीच्या दशकापासून सांभाळली आणि तिथे आजही वाफेची इंजिनं पेटतात. ओल्ड ओक कॉमनचं दुर्दैव असं, की ती कधी निकामी झालीच नाही. प्रत्येक पिढीला ती जागा कामासाठी हवी होती, म्हणून प्रत्येक पिढीने आधीचं पाडलं. डिडकॉटची शेड उरली, कारण तिची जमीन तातडीने कोणाला नको होती.

मग एचएस-२ च्या गाड्या कुठे राहणार?

युस्टनपर्यंतचा बोगदा पुरा होईपर्यंत लंडनच्या बाजूला एचएस-२ ओल्ड ओक कॉमनलाच संपणार आहे. २०३३ पर्यंत ती धावू लागेल ही आशाही सरकारने २०२५ मध्ये सोडली. पण लंडनच्या या टोकाला तिचा देखभाल डेपो नाही. तो बर्मिंगहॅममध्ये, वॉशवूड हीथला होतोय. तिथे पूर्वी मेट्रो-कॅमेल कंपनीचा रेल्वे डब्यांचा कारखाना होता. तो २००५ मध्ये बंद पडला आणि रुळांना लागून असलेली मोठी सपाट जमीन मोकळी झाली. एचएस-२ चं बर्मिंगहॅममधलं टर्मिनस, कर्झन स्ट्रीट, तिथून काही किलोमीटरवरच आहे. चर्चवर्ड यांच्या काळात जे गणित पॅडिंग्टनसाठी मांडलं गेलं, तेच आता लाईनच्या दुसऱ्या टोकाला मांडलंय. लंडनची जमीन मात्र आता फलाटांसाठी राखलेली आहे.